रोजनाम्यात दिसणारा वकील

गरजूंना मोफत वकील मिळवून देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेने १९८७ मध्ये केला, पण तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. तो दिवस विधी सेवा दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास जिल्हा न्यायालयांत कार्यक्रम होतात आणि काही ठिकाणी गोरगरिबांच्या केसेस मोफत चालवणाऱ्या वकिलांचा सत्कारही होतो. न्यायाधीशांच्या हस्ते शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र, वकील संघाचे पदाधिकारी दोन शब्द बोलतात, फोटो निघतो. जेवणाच्या सुट्टीनंतर कोर्ट बसतं, पुकारा होतो, आणि शाल पिशवीत घालून वकील आपल्या तारखेला हजर होतात.

हा सत्कार व्हायलाच हवा. वकिली हा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, आणि त्यात दिवसाचे दोन-तीन तास ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही अशा माणसासाठी उभं राहणं सोपं नाही. पण नावं निवडतात कशावरून? बहुतेकदा आकड्यावरून. अमुक वकिलांकडे वर्षभरात किती केसेस सोपवल्या, किती शिबिरांत त्यांनी मार्गदर्शन केलं, हे तक्त्यात असतं. सोपवलेल्या केसचं पुढे काय झालं, हे तक्त्यात नसतं. ते रोजनाम्यात असतं.

रोजनामा म्हणजे केसची रोजची नोंद. त्या तारखेला कोण हजर होतं, कोण गैरहजर, कोणता अर्ज आला, काय हुकूम झाला, पुढची तारीख कशासाठी, हे सगळं चार-पाच ओळींत. ‘साक्षीदार क्रमांक ३ हजर. सरतपास नोंदवला. आरोपीतर्फे वकील गैरहजर. उलटतपास नाही असा हुकूम. साक्षीदारास सोडले.’ एवढ्याशा मजकुरात एखाद्याच्या आयुष्याची सात वर्षं जाऊ शकतात. कारण सरतपास म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या बाजूचे प्रश्न, उलटतपास म्हणजे विरुद्ध बाजूचे; तो झालाच नाही, म्हणून त्या साक्षीदाराने सांगितलेलं सगळं आता बिनप्रश्नाचं राहिलं. चांगला वकील ती नोंद वाचल्याबरोबर साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज देतो. फौजदारी खटले चालवण्याच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, त्यासाठी कलम ३४८ आहे, जुन्या संहितेत ३११ होतं. निष्काळजी वकील पुढच्या तारखेला येतो आणि युक्तिवादाला मुदत मागतो. तक्त्यात दोघांच्याही नावासमोर एकेक केस.

हल्ली हे बघायला कोर्टात जावंही लागत नाही. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की तारखांची यादी उघडते, आणि बऱ्याच कोर्टांत प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाज दिसतं. एका वकिलाच्या दहा केसेस अशा वाचायला एक दुपार पुरते. मुदतीचे अर्ज किती, कोणाकडून, कशासाठी; उलटतपास त्याच दिवशी झाला की लांबला; आरोपी तुरुंगात असताना जामीन अर्ज किती दिवसांनी पडला. सत्कारासाठी नावं काढणाऱ्यांनी ही एक दुपार द्यावी, एवढंच मुख्य म्हणणं आहे. बाकीचं सगळं त्या दुपारी काय वाचायचं, याबद्दल.

आधी हे वकील नेमके कोणासाठी उभे राहतात ते सांगायला हवं, कारण हक्क असलेल्यांपैकी कितीतरी जणांना तो माहीतच नसतो. कायद्याच्या बाराव्या कलमात यादी आहे. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचार यांची झळ बसलेले, आणि पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असलेला कोणीही. यांना उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी बाईसुद्धा मोफत वकील मागू शकते, हे सांगितलं की समोरच्याचा विश्वास बसत नाही. या यादीत न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाख रुपये, सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी पाच लाख. अर्ज साध्या कागदावरही चालतो. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टात असते, जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात, आणि १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहेच. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. आणि मोफत म्हणजे नुसता वकील मोफत नव्हे. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, भाषांतर, टायपिंग, साक्षीदाराचा भत्ता, हे सगळं त्यात येतं. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असा स्पष्ट नियम आहे. ‘झेरॉक्सपुरते द्या’ म्हणणं हादेखील नियमभंगच.

तरी मदत मागायला आलेली बाई विचारतेच, ‘साहेब, फुकटचा वकील काम करंल का?’ हा प्रश्न अपमान म्हणून घेऊ नये. तो अनुभवातून आलेला असतो. पॅनेलवर यायला साधारणपणे तीन वर्षांची वकिली लागते, आणि पॅनेलची मुदत तीन वर्षांची असते. काही जण कळकळीने येतात, काही शिकायला, काही पाटीवर एक ओळ वाढावी म्हणून. बाहेरून तिघेही सारखेच दिसतात. काळा कोट, पांढरा बँड, हातात फाइल. फरक पहिल्या भेटीतच कळतो, कोण किती वेळ बसतो त्यावरून.

कोठडीतल्या माणसाची पहिली भेट तर खास बघण्यासारखी असते. तुरुंगाच्या मुलाखत खोलीत वेळ थोडा, गलका मोठा. अनुभवी वकील गुन्ह्याबद्दल पहिला प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, तुम्ही इथे आहात हे घरी कोणाला माहीत आहे? कोणाचा तरी फोन नंबर तोंडपाठ आहे का? मोबाइल जप्त झालेला असतो आणि आजकाल कोणालाच नंबर पाठ नसतात, त्यामुळे महिना-महिना घरच्यांना पत्ता लागत नाही. मग विचारतो, धरलं कुठून, किती वाजता, कोर्टासमोर कोणत्या दिवशी उभं केलं, अंगावर मार आहे का, कोऱ्या कागदावर सह्या केल्या का, रेशनकार्डावर पत्ता कुठला. हे प्रश्न विस्कळीत वाटतात, पण प्रत्येकाच्या मागे एक अर्ज दडलेला असतो. मग वकीलपत्रावर सही किंवा अंगठा, त्याखाली तुरुंगाधिकाऱ्यांची सही आणि शिक्का. हा शिक्का राहिला की वकीलपत्र परत, आणि एक तारीख फुकट.

भाषेची अडचण याच खोलीत कळते. दोषारोपपत्र मराठीत असतं. मुंबई-ठाण्याच्या बांधकामांवर काम करणारा बिहारचा किंवा बंगालचा मजूर त्यातलं अक्षर वाचू शकत नाही. गडचिरोलीच्या माडिया माणसाला आणि नंदुरबारच्या भिलाला कोर्टाची मराठीही परकीच. आपल्यावर आरोप काय आहे हे वकिलाने बसून, पान उलटत, त्याच्या भाषेत समजावलं का? रोजनाम्यात ही गोष्ट उतरत नाही. ती पक्षकारालाच विचारावी लागते.

या भेटीतून मिळालेली सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिल्याची, तारीख. तपास साठ दिवसांत पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत नव्वद दिवसांची. दिवस मोजायचे ते अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून, आणि तो पहिला दिवस धरून, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पक्कं केलं. पण हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज पडला आणि दोषारोपपत्र दुपारी आलं, तर हक्क टिकतो. सकाळी दोषारोपपत्र आलं आणि अर्ज दुपारी पडला, तर गेला. गुणदोषांवर नेहमीचा जामीन अर्ज करायचा, एवढंच उरतं. म्हणून नेकीने काम करणाऱ्या वकिलांच्या डायरीत साठावा दिवस लाल पेनाने गोल केलेला असतो. त्या अर्जासाठी तो अकराच्या आधी कोर्टात पोचतो. त्याचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं नाही, आणि इथेच मोफत वकिलीची खरी परीक्षा लागते. जामीनदार लागतो. जामीनदाराचा ऐपतीचा (सॉल्व्हन्सी) दाखला किंवा सातबारा किंवा पगारपत्रक लागतं. जामीनदार शक्यतो स्थानिक हवा म्हणतात. फुटपाथवर राहणाऱ्याला स्थानिक जामीनदार कुठून मिळणार? ही गोष्ट जुनीच आहे. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. मोतीराम पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं आणि देशातल्या कुठल्याही भागातला माणूस जामीनदार म्हणून नाकारता येणार नाही, असं बजावलं. त्याला आता जवळपास पन्नास वर्षं होत आली. जामीन मिळूनही आत राहिलेले कैदी अजून आहेत.

आज वकिलाच्या हातात हत्यारं आहेत, पण ती वापरणारा हवा. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे जामिनाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात गेली पाहिजे. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. एक महिन्यात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करू शकतं. शिवाय २०२३ मध्येच केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात सुरुवातीला कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्याला जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि दंड न भरता आल्याने अडकलेल्याला २५ हजारांपर्यंत मदत ठरली होती. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि प्राधिकरणाचे सचिव आदींच्या समितीपुढे प्रकरण जातं. हे सगळं कागदावर आहे. अट बदलून घेण्यासाठी अर्जाचं ते दीड पान लिहिणारा वकील ज्या जिल्ह्यात आहे, तिथेच ते खरं होतं. अशा अर्जाची नोंद रोजनाम्यात सापडली की त्या नावाखाली रेघ मारावी.

आता उलट बाजू. नेमणूकच जर ऐन वेळी झाली, तर वकील कितीही गुणी असो, काय करणार? मध्य प्रदेशातल्या खंडव्याचा अनोखीलाल खटला याचा धडा आहे. १९ फेब्रुवारी २०१३ ला आरोपीला वकील नेमून दिला, त्याच दिवशी दोषारोप ठेवले, आणि ४ मार्चला फाशीची शिक्षा झाली. चौदा दिवस. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. आणि नियम घालून दिला की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात मोफत वकील किमान दहा वर्षं अनुभवाचा हवा, आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळालेच पाहिजेत. तरीही ‘वकील नाहीत? अहो, तुम्ही बघा जरा यांचं,’ असं समोर दिसेल त्या वकिलाला सांगून फाइल हातात देण्याची सवय पूर्ण गेलेली नाही. अशा वेळी जो वकील उभा राहून नम्रपणे म्हणतो, ‘कागद वाचल्याशिवाय मी उलटतपास घेणार नाही, मला आठ दिवस द्या,’ त्याचं नाव रोजनाम्यात मुदत मागणारा म्हणून चढतं. म्हणून मुदतीचा अर्ज नुसता मोजायचा नाही, त्यातलं कारण वाचायचं. मोफत वकिलाने मागितलेली पहिली मुदत ही बहुतेकदा त्याच्या प्रामाणिकपणाची खूण असते. चौथी नसते.

फौजदारी बाजू नजरेत भरते, पण तालुक्याच्या कोर्टात मोफत वकिलांकडे पोटगीची आणि घरगुती हिंसाचाराची कामंही भरपूर असतात, आणि सत्काराच्या यादीत ती कामं करणारे वकील, विशेषतः वकील महिला, मागे राहतात. या कामात नाट्य नाही. चिकाटी आहे. सगळ्यात आधी अडतं ते समन्सवर. नवऱ्याचा पत्ता अर्धवट, गाव सोडून तो पुण्याला कुठल्याशा कंपनीत, समन्स पोचवणारा बेलिफ ‘सदर इसम मिळून आला नाही’ लिहून परत. तीन तारखा अशाच जातात आणि बाईच्या एसटीच्या भाड्याचे पैसे संपतात. जाणता वकील अर्जातच नवऱ्याचा कामाचा पत्ता, भावाचा पत्ता, मोबाइल नंबर घालतो आणि तात्पुरत्या पोटगीचा अर्ज मूळ अर्जाबरोबरच दाखल करतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं सविस्तर शपथपत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. ते शपथपत्र नीट भरणं हे तीन-चार तासांचं काम आहे. बाईला नवऱ्याचा पगार ठाऊक नसतो. गाडी कुठली आहे, कर्जाचा हप्ता किती जातो, शेत कोणाच्या नावावर आहे, असं विचारत विचारत आकडा गाठावा लागतो. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचे वाद आणि हिंसाचार या बाबतींत बायकांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. ते न सांगता स्टॅम्प आणायला लावणारा वकील असेल, तर तेही कागदावरच सापडतं.

हुकूम झाल्यावर खरं काम सुरू होतं, कारण नवरा पैसे भरत नाही. थकबाकी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. मुदत उलटली तर तेवढ्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. मोफत केसमध्ये हे हमखास घडतं, कारण हुकूम झाला की कागदोपत्री काम पुरं झालं, वकिलाची नेमणूक संपली, आणि वसुलीसाठी पुन्हा नेमणूकपत्र लागतं हे बाईला कोणी सांगितलेलं नसतं. दीड वर्षाने ती येते तेव्हा सहा महिन्यांचे पैसे बुडालेले असतात. निकालाच्या दिवशीच वसुलीच्या अर्जाची तारीख कागदावर लिहून पक्षकाराच्या हातात देणारे वकील आहेत. ते कागद बायका पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये घालून, वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

पैशाचंही बोललं पाहिजे. पॅनेल वकिलाला मानधन मिळतं, ते प्राधिकरणाच्या ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे, आणि खासगी फीच्या मानाने ते फारच कमी असतं. ते मिळवायला काम संपल्याचा अहवाल लागतो, सोबत नेमणूकपत्र, निकालाची प्रत. कागद अपुरा असला की बिल परत येतं. नियम सांगतो की पैसे विनाविलंब द्यावेत. निधी नसला की विलंब होतो. दरम्यान तुरुंगाची फेरी, पेट्रोल, झेरॉक्स वकिलाच्या खिशातून. ज्याला उशिरा पैसे परवडत नाहीत असा तरुण, पहिल्या पिढीतला वकील मग हळूहळू पॅनेल सोडतो, आणि तोच खरं तर पक्षकाराची भाषा आणि गाव ओळखणारा असतो. त्याचं बिल त्याच महिन्यात काढणं हा सत्काराचा सगळ्यात साधा प्रकार आहे. त्याला व्यासपीठ लागत नाही.

२०२२ च्या योजनेनंतर फौजदारी बाजूला मोठा बदल झाला. अनेक जिल्ह्यांत आता आरोपींचा मोफत बचाव करणारं लोक अभिरक्षक कार्यालय आहे. मुख्य लोक अभिरक्षक, उपमुख्य आणि सहायक असे पूर्णवेळ वकील तिथे बसतात. त्यांना दरमहा मानधन असतं आणि खासगी वकिली करता येत नाही. सरकारी वकिलांसमोर आरोपीचीही एक कचेरी, एक टेबल, एक कपाट असावं, ही त्यामागची कल्पना चांगली आहे. पक्षकाराला उद्या कुठे भेटायचं हे कळतं. दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागेल. एक, कामाचा बोजा. एकाच वेळी दोन कोर्टांत पुकारा झाला तर सहायक धावतो आणि तो फाइल न वाचलेला असू शकतो. दुसरी, एकाच गुन्ह्यात दोन आरोपी आणि दोघांचे हितसंबंध वेगळे असतील तर एकाच कचेरीने दोघांचं काम घेऊ नये. तिथे जुनं पॅनेल हवंच.

लोकांच्या रोषाला तोंड देत केलेल्या कामाबद्दल मात्र आपण फार कमी बोलतो. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातल्या आरोपीसाठी मुंबईत वकील मिळेना. नेमणूक झालेल्या एका वकील बाईंच्या घरावर २००९ मध्ये दगडफेक झाली. पुढे उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह यांनी विधी सेवेतर्फे ते काम स्वीकारलं आणि पार पाडलं. फाशी कायम झाली. पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या त्याच निकालात देशातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याला बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर आला की वकील मिळण्याचा त्याचा हक्क त्याला सांगायचा, आणि गरिबाला वकील सरकारी खर्चाने द्यायचा. यात कुचराई केली तर खात्यांतर्गत कारवाई. मोबाइल चोरीच्या संशयावरून धरलेल्या पोराला आज रिमांडच्या टेबलाशी वकील दिसतो, त्यामागे हे आहे.

महाराष्ट्राचा या कामाशी संबंध त्याहून जुना आहे. गरिबांना कायदेशीर मदत कशी द्यावी हे बघायला मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती नटवरलाल भगवतींची समिती नेमली होती. पुढे त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्याच खंडपीठासमोर १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरण आलं. त्याची सुरुवात वर्तमानपत्रातल्या लेखांनी झाली. ते लिहिले होते नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेल्या पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजींनी, बिहारचे तुरुंग पाहून. होऊ शकणाऱ्या शिक्षेपेक्षा जास्त काळ खटल्याची वाट बघत आत बसलेली माणसं त्यांना तिथे भेटली होती. ते लेख वाचून ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली. त्यांना त्या कैद्यांनी नेमलेलं नव्हतं. हजारो माणसं सुटली. हिंगोरानींचं चित्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात लागलं, त्या भिंतीवरचं पहिलं स्त्रीचं चित्र. काम झाल्यावर अडतीस वर्षांनी.

वकिलांच्या दुनियेत गौरवाचा सर्वांत मोठा मान म्हणजे ज्येष्ठ वकील हे पद. २०१७ च्या इंदिरा जयसिंग निकालाने त्यासाठी गुणपद्धत आणली, आणि मोफत केलेलं काम त्या गुणांमध्ये पहिल्यांदा मोजलं गेलं. २०२५ मध्ये ती गुणपद्धत न्यायालयाने बंद केली. गुण गेले तरी निकष जाऊ नये. मानाचा गाऊन देताना तो माणूस कोणाकोणासाठी फी न घेता उभा राहिला, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. वकील परिषदेच्या नियमांत तर दुर्बलांना मोफत साहाय्य हे वकिलाचं श्रेष्ठ कर्तव्य म्हणून लिहिलेलंच आहे.

जिल्ह्यात हे कसं करता येईल? प्रमाणपत्रावर ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ असं मोघम लिहू नये. काय केलं ते लिहावं: ‘अमुक क्रमांकाच्या प्रकरणात एकसष्टाव्या दिवशी जामीन अर्ज’, ‘अमुक प्रकरणात पोटगीची थकबाकी मुदतीत वसूल’. पक्षकाराचं नाव अर्थातच नको. तिची केस ही तिची खासगी बाब, आणि व्यासपीठावर तिला लाभार्थी म्हणून उभं करणं तर मुळीच नको. नावं सुचवायला तुरुंगातल्या विधी साहाय्य केंद्रातल्या कैद्यांना विचारावं. ज्याच्या मुलाखतीची वाट बघतात तो वकील त्यांना बरोबर माहीत असतो. कोर्टाच्या कचेरीतल्या शिरस्तेदारांना विचारावं. तालुक्याला निदान अर्धी नावं द्यावीत. आणि विधी स्वयंसेवकांना विसरू नये. जामीनदार शोधायला चाळीत, पाड्यावर जाणारा बहुतेकदा तोच असतो.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या फाटकावर जामिनाच्या आदेशांसाठी एक पेटी असते. ती ठरलेल्या वेळांना उघडते. संध्याकाळची शेवटची वेळ चुकली की माणूस आणखी एक रात्र आत. २०२१ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात ते सगळ्या देशाने पाहिलं. एरवी ते कोणी बघत नाही. दुपारी चारला हुकूम होतो, रोख जामीन भरायची पावती साडेचारला मिळते, शिक्का मारणारे साहेब दुसऱ्या मजल्यावर, प्रत तपासून सही व्हायला आणखी वीस मिनिटं. खासगी वकील असेल तर त्याचा मुन्शी, म्हणजे कारकून, धावतो. मोफत केसमध्ये ते पाकीट वकील स्वतःच बॅगेत घालतो, सात रस्त्याच्या गर्दीतून वाट काढतो, पेटीत टाकतो, आणि आतल्या माणसाच्या आईला फाटकाबाहेरून फोन लावतो, ‘ताई, टाकलंय. साडेसहा-सातच्या सुमारास येतील बाहेर. त्यांच्या चपला घेऊन या.’